पक्क्या पावतीची भांग

आमच्या सासरच्या सात पिढ्यांत भांग विकत घेणारी एकच व्यक्ती निघाली, आणि ती आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते.

विकत घेतली म्हणजे चोरूनबिरून नाही हं! डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड, भिंतीवर परवाना टांगलेलं दुकान आणि वर पक्की पावती. इतक्या रीतसर तर माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. (लग्नाची नोंदणी आमच्या ह्यांनी अजून केलेली नाही. विचारलं की म्हणतात, "करू ना.") तरीही व्हायचा तो तमाशा झालाच, आणि तोही नणंदेला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर!

सगळ्याचं मूळ मामाजींच्या पायात होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत त्यांची एक नस अशी काही धरून बसली की झोप म्हणून येईना. गोंदियातले सगळे डॉक्टर झाले, शेक झाले, पट्टे झाले, मलमं चोळून चोळून खाटेच्या नवारीलाही निलगिरीचा वास मारायला लागला. झोप नाही म्हणून चिडचिड, आणि चिडचिड म्हणून झोप नाही. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाला लागून. तिथे पायलट होऊ घातलेली पोरं दिवसभर लहान लहान विमानं घेऊन आमच्या धानाच्या शेतांवर गोल गोल फिरत असतात. दुपारी मामाजींचा जरा कुठे डोळा लागतो, तोच घर्रर्र! मग मामाजी लंगडत अंगणात येणार, काठी आभाळाकडे रोखणार आणि ओरडणार, "अबे, उतर ना एकदाचा! कायले फिरून राहिला रिकामा!"

विमानाला शिव्या घातल्या तर विमानाचं काही बिघडत नाही. पण माझी नणंद वर्षा हिला पाहायला पाहुणे आले होते, त्यातल्या मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "मग, दिवसभर काय करता तुम्ही?"

मामाजी म्हणाले, "तुमच्यासारख्याचे फालतू सवाल आयकतो!"

झालं! पोहे अर्धे टाकून पाहुणे उठले. त्याच्या पुढचं स्थळ मुलाच्या नाकावरून मोडलं. (नाक होतंच तसं, पण ते बोलायचं असतं का?)

आता तिरोड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कृषी सहायक. शांत, देखणा, आणि मुख्य म्हणजे वर्षाला मनापासून आवडलेला. दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं आणि वर्षा भांडी घासताना गाणं म्हणायला लागली होती. ही पोरगी एरवी भांडी आपटते! येत्या रविवारी मुलाकडचे येणार होते. तिने मला मोटारपंपाजवळ गाठून बजावलं, "वहिनी, या टायमाले बाबूजी काही बोलले ना, तर मी सरळ नागपूरले जाऊन होस्टेलवर राहीन. लग्नाचं नाव नाही घेणार मंग. सांगून ठेवतो."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला गलबलून आलं. लग्न होऊन आले तेव्हा याच पोरीने मला पोवारी बोली शिकवली, चुलीवर जाड अंगाकड्या भाजायला शिकवल्या, सासूबाईंच्या तावडीतून कितीदा सोडवलं! म्हटलं, काही झालं तरी रविवारच्या आत मामाजींना झोप लागलीच पाहिजे.

गोंदियाच्या वैद्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एक औषध आहे. विजयाचा अर्क. दुखणंही उतरते, झोपही लागते."

"विजया म्हणजे?"

"भांग."

मी आवाज खाली आणला. "भांग?"

वैद्यांनी मात्र वर नेला. "हौ, भांग! पानाचं औषध आहे, कायदेशीर आहे. चिठ्ठी देतो. पण इथं नाही मिळत, नागपूरच्या परवान्याच्या दुकानातून आणावं लागेल भांग!"

बाहेर बाकावर माझ्या नववीतल्या एका पोराची आई बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

शाळेत रजेचा अर्ज टाकला, कारण 'घरगुती'. नागपूरला उतरल्यावर आधी तोंडाला स्कार्फ बांधला. आमच्याकडे स्कूटीवर बसणारी प्रत्येक बाई असा स्कार्फ बांधते की नुसते डोळे दिसतात, पण मी त्यावर काळा चष्माही लावला. माझ्या मनात दुकानाचं चित्र तयार होतं: अंधारी गल्ली, लाल डोळ्यांचा माणूस, दाराला फडकं. प्रत्यक्षात काचेचं दार, एसी, पांढरा कोट घातलेली गोड पोरगी आणि कोपऱ्यात कुंडीत झाड. (झाड मी निरखून पाहिलं. मनीप्लांट होता.)

"मॅडम, स्कार्फ काढाल का? आयडीवरचा फोटो बघायचा आहे."

"काढलाच पाहिजे का?"

"हो मॅडम."

काढला. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

"याआधी कधी घेतलं आहे?"

"मी? अहो, आमच्या घरात सुपारीसुद्धा नाही कुणी खात!"

"नाही मॅडम, पेशंटचं विचारते. पेशंट तुम्हीच ना?"

"नाही! सासरे आहेत माझे! सासरे!"

पोरगी समजूतदार हसली. "असू द्या मॅडम. इथे सगळे सासऱ्यांसाठीच नेतात."

असा राग आला मला! पण गरज आपली होती. तिने बारीकशी तपकिरी बाटली दिली, झाकणालाच ड्रॉपर. जेवणानंतर, जिभेखाली, मोजके थेंब, हळूहळू वाढवायचे, असं समजावून सांगितलं. मी तिला दोनदा विचारून पक्की पावती मागून घेतली आणि पर्समध्ये सगळ्यात वर ठेवली. परतीच्या गाडीत पर्स पोटाशी धरून बसले. तिकीट तपासनीस आला तर घाईत मी त्याच्या पुढे आधी पावती धरली, मग तिकीट. गोंदिया स्टेशनवर एक कुत्रं पर्स हुंगायला लागलं. पर्समध्ये संत्राबर्फी होती म्हणून हुंगत होतं बिचारं, स्टेशनवरचं साधं भटकं कुत्रं. पण मी त्यालाही पावती दाखवली.

आता मामाजींना कसं पटवायचं? मामाजी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. शाळेजवळची पानटपरी त्यांनी स्वतः उभं राहून हलवली. भांग म्हटलं असतं तर बाटली विहिरीत आणि मी माहेरी! खोटं बोलणं मला जमत नाही, विज्ञानाची शिक्षिका पडले. म्हणून मी खरं तेच, पण जरा गोड करून सांगितलं.

"मामाजी, हे महादेवाची बुटी आहे. डॉक्टरनं दिली, सरकारी परवान्याची. जिभेखाली थेंब थेंब घ्यायची."

"महादेवाची?"

"हौ जी. महादेवाचीच."

मामाजींनी बाटलीला दोन्ही हातांनी नमस्कार केला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वर्षाला डोळ्यांनीच सांगितलं, काम फत्ते!

आमच्या घरची रीत मला लग्नापासून ठाऊक होती, पण त्या दिवशी नेमकी आठवली नाही. आमच्याकडे नवं काहीही आलं की ते आधी देवाला. नव्या धानाचा पहिला भात देवाला, व्यालेल्या गाईचं दूध देवाला. आमचा ट्रॅक्टर शोरूममधून घरी येण्याआधी नागऱ्याच्या महादेवाकडे जाऊन आला. माझी स्कूटी तर मी चालवायच्या आधी मामाजींनी तिथवर ढकलत नेली होती! आणि देवाला दाखवलेली वस्तू एकट्याने खायची नाही, वाटून खायची, हा त्या रीतीचा दुसरा भाग. "एकट्यानं परसाद खाल्ला त पचत नाही," असं मामाजी नेहमी म्हणतात. महादेवाची बुटी म्हणून मीच सांगितली होती. मग ती थेट जिभेखाली कशी जाणार?

शनिवारी मी शाळेत असताना मामाजी आमच्या ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून नागऱ्याला गेले. मला पत्ता नाही! ह्यांना नंतर विचारलं, "सांगितलं का नाही मला?" तर म्हणाले, "तू विचारलं कुठे?" (हे राईस मिलमध्ये कामाला आहेत. मशीनच्या आवाजात राहून राहून त्यांना बोलायची सवयच उरलेली नाही.)

रविवार उजाडला. घरात धावपळ. सोफ्याच्या कव्हरांना इस्त्री, अंगणात सडा, सासूबाई चुलीशी, वर्षा आरशाशी. मी कांदे चिरत होते तर मामाजी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हातात तांब्याचं भांडं आणि पळी.

"सूनबाई, हात कर."

मी कांद्याचा हात पदराला पुसला, तीर्थ घेतलं आणि प्याले. जरा तेलकट लागलं, जरा गवतासारखं. म्हटलं बेलाचं पान पडलं असेल, समईचं तेल लागलं असेल मामाजींच्या हाताला. हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा कांद्याला लागले.

पाहुणे आले ते उन्हं चांगली वर आल्यावर. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील टेंभरे साहेब. आता या टेंभरे साहेबांबद्दल मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं! बसल्या बसल्या ह्यांनी ओळख करून दिली, "साहेब एक्साइजमधून रिटायर झाले. दारू, गांजा पकडण्यात अख्खी नोकरी गेली त्यांची."

"एका वासावर सांगत होतो मी," टेंभरे साहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कोनाच्या घरात काय ठेवलं आहे ते!"

मी पदराचा हळूच वास घेऊन पाहिला. पण लगेच आठवलं, पावती आहे. पक्की. शिवाय मामाजींकडे पाहिलं तर काय! मामाजी हसत होते! "या जी, बसा जी, आरामात बसा" करत पाहुण्यांना उशा देत होते. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, घर्रर्र! वर्षाने डोळे मिटून घेतले. मामाजी वर पाहून म्हणाले, "पोट्टा शिकून राहिला. शिकू द्या जी! कोनाचा तरी लेकरूच होय."

औषध लागू पडलं होतं! मला इतका आनंद झाला की मी पाहुण्यांना पुन्हा एकदा नमस्कार केला. सासूबाईंनी प्रसादाचा शिरा दिला, तो मी सगळ्यांना वाटला. टेंभरे साहेबांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले, "वा! आणखी आहे का?" दिला. मुलाच्या आईने, म्हणजे टेंभरे वहिनींनी घेतला, मुलानेही घेतला.

रिकाम्या वाट्या घेऊन आत आले, आणि तुपाच्या बरणीशेजारी मला ती तपकिरी बाटली दिसली. रिकामी! थेंबसुद्धा नाही!

"सासूबाई, ही बाटली इथं काऊन?"

"मले काय मालूम? सकाळी तुमचे मामाजी घेऊन आले होते. म्हणाले, महादेवाची बुटी होय, परसादात टाकतो, सगळ्याइले भेटली पायजे."

"परसादात!"

"मी तं कोठ्यात गेली होती गाईपाशी. काऊन, काय झालं?"

काय झालं! अहो, बाटलीभर भांग, शिऱ्याची एक कढई, आणि ती खाणारा एक्साइजचा जमादार! वर्षाचं लग्न, माझी नोकरी, मामाजींचं अध्यक्षपद, सगळं माझ्या डोळ्यांसमोर रांगेने उभं राहिलं. ह्यांना आत बोलावून कानात सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "बघ तू," आणि जाऊन पाहुण्यांजवळ बसले.

मी दाराच्या फटीतून लक्षणं पाहायला सुरुवात केली. बाई गं, एकेक लक्षण स्पष्ट! टेंभरे साहेब फार हळू बोलत होते. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा शब्द. त्यांची मिशी तर त्यांच्याआधीच बोलायला लागली होती. वहिनी कशालातरी हसल्या आणि ते हसू खोलीभर फिरत राहिलं, थांबेचना. मुलगा वर्षाकडे पाहत होता, एकटक, पापणी न हलवता. (ते तसंही पाहतात म्हणा मुलगी पाहायला आल्यावर, पण तेव्हा मला ते सुचलं नाही.) पुन्हा विमान आलं आणि बराच वेळ गेलंच नाही. पाहुण्यांना चढली होती. शंकाच नको!

उतारा म्हणजे आंबट, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी लिंबाचं सरबत केलं, बिनसाखरेचं. साखर कशाला, उताऱ्यात अडथळा! वर्षा पोहे घेऊन निघाली तर प्रत्येक बशीवर मी अख्खं लिंबू पिळलं. मागून लोणचं नेलं, मग चिंच नेली, तीही नुसती, कोळ न काढता.

"घ्या ना वहिनी, चिंच घ्या."

"नाही जी, पोह्यासोबत चिंच कोन खाते?"

"आमच्याकडे खातात. घ्या, चोखा. अजून चोखा!"

वहिनींनी घाबरून चोखली. टेंभरे साहेबांनी सरबताचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा मिशीच्या मागे गेला. मी खुश! उतरतेय म्हटलं.

आत कढईत अजून शिरा शिल्लक होता. तो कुणाच्या पोटात गेला तर आणखी अनर्थ! गाईला द्यावा तर मुकं जनावर, उकिरड्यावर टाकावा तर प्रसाद. घर वाचवायला कुणाचा तरी बळी जायलाच हवा होता. मी कढई पुढ्यात ओढली आणि पुरावा नष्ट करायला बसले. शिरा इतका सुंदर झाला होता की काय सांगू! रव्याचा दाणा न् दाणा वेगळा कळत होता. कढई संपली. मग चिवड्याचा डबा दिसला. चिवड्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, पण मी तोही संपवला.

"वहिनी!" वर्षा दारात उभी. "तुमाले बाहेर बोलावून राहिले. अन् हे तोंडाले काय लागलं आहे?"

मी पदराने तोंड पुसलं आणि बाहेर गेले. टेंभरे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, निरखलं. आता अटक होते म्हणून मी खुर्चीत न बसता दाराशीच उभी राहिले.

"तर मॅडम," ते म्हणाले, "कोनता विषय शिकवता तुमी?"

साधा प्रश्न होता. पण मला तो चौकशीच्या खोलीतला वाटला. विषय... विषय म्हणजे पदार्थ? कोणता पदार्थ, असं विचारत आहेत? मी विचार करत राहिले. बराच वेळ विचार केला असावा, कारण पुन्हा एक विमान येऊन गेलं.

"मॅडम?"

"माझ्याकडे पक्की पावती आहे!" मी ओरडले.

मी धावत जाऊन पर्स आणली, पावती, चिठ्ठी, आधार कार्ड, सगळं टेंभरे साहेबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"विजया..." ते वाचू लागले. "हे तं भांग होय."

"हौ साहेब! कायदेशीर आहे! मामाजींच्या नसेसाठी आणली होती! चूक माझी आहे, या पोरीची काही चूक नाही, तिचं लग्न मोडू नका! साहेब, तुम्ही सगळे भांग खाऊन बसलेले आहात! शिऱ्यात होती! घाबरू नका, लिंबू चोखा!"

आणि मी खरंच त्यांच्या हातात लिंबाची फोड ठेवली.

"आ बाप्पा!" वहिनी छातीला हात लावून उभ्या राहिल्या. मुलगा स्वतःची नाडी पाहू लागला. वर्षा भिंतीला टेकून मटकन खालीच बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही रडू फुटलं. नेमक्या त्या वेळी मामाजींचा आवाज आला, शांत, लोण्यासारखा.

"सूनबाई, काऊन रडून राहिली? शिऱ्यात काहीच नाही."

"म्हणजे?"

"टाकणार होतो. मंग म्हटलं, दुसऱ्याचं औषध पाहुण्याले न विचारता चारते का कोनी? मी तंटामुक्तीचा अध्यक्ष होय, पागल थोडी होय!"

"मग बाटली रिकामी कशी?"

"नागऱ्याले पिंडीवर वाहिली ना! महादेवाले थेंबाथेंबानं काय होते? त्याच्या हिशोबानं द्या लागते. बुडाले थोडीशी उरली होती, ते आज तीर्थात टाकली. अर्धी पळी मी घेतली..." मामाजी थांबले, माझ्याकडे पाहून प्रेमाने हसले, "अन् भरून एक पळी तुले दिली. जिनं आणलं, तिचा पहिला मान. रीत होय आपली."

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात चिंच, हनुवटीला शिरा. म्हणजे साहेब हळू बोलत नव्हते, मीच हळू ऐकत होते! मिशी जागेवर होती. वहिनींचं हसू केव्हाच संपलं होतं. आणि चिवडा!

टेंभरे साहेबांनी लिंबाची फोड हळूच बशीत ठेवली. "मी तं आल्याबरोबरच ओळखलं होतं," ते म्हणाले. "बाईनं तीनदा नमस्कार केला आमाले. म्हटलं, लोकाच्या घरात आपण कायले बोलायचं!"

"माफ करा साहेब," मी कसंबसं म्हटलं. "पोरीवर राग काढू नका."

साहेब गंभीर झाले. वर्षा उठून उभी राहिली. मी देवाचं नाव घेतलं. (महादेव सोडून. त्याला सकाळपासून पुरेसा त्रास झाला होता.)

"जन्मभर लोकाच्या घराच्या झडत्या घेतल्या मी," साहेब म्हणाले. "कोठ्यात शिरलो, माच्यावर चढलो, कणगीत हात घातले. सगळे म्हणत, साहेब, आमच्याकडे काहीच नाही. न विचारता सगळा माल सांगणारं हे पहिलंच घर पाहून राहिलो. अन् तेही पावतीसंगट!" आणि असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसू मात्र खरंच थांबत नव्हतं.

वहिनींनी वर्षाला जवळ घेतलं. "रडू नको माय. तुझी वहिनी तुझ्यासाठी जेलात जायले तयार झाली, मोठ्या मनाची माणसं होत तुमी. आमच्या घरात तं जमादारीच आयकली मी जन्मभर. आमाले पोरगी पसंत आहे. फक्त एक सांगतो, मले आणखी चिंच नका देऊ."

तिथेच, माझ्या पावतीवर ठेवून, साखर वाटली. साहेबांनी निघता निघता मामाजींचा पाय पाहिला, मग स्वतःचा गुडघा दाखवला, मग दोघं बराच वेळ नसांवर बोलत बसले. शेवटी साहेबांनी ह्यांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात विचारलं, "ते नागपूरचं दुकान नेमकं कोठीसा आहे जी? माह्यासाठी नाही, सासऱ्यासाठी पायजे होतं."

हे सगळं मला नंतर कळलं. मी तोवर सोफ्यावर, इस्त्री केलेल्या नव्या कव्हरावर, चिंच हातात धरून घोरत होते. पाहुणे माझा निरोप न घेताच, पायांचा आवाज न करता गेले म्हणे.

वर्षाचं लग्न थाटात झालं. ती तिरोड्यात सुखात आहे आणि तिथेही गाणं म्हणत भांडी घासते. मामाजींची दुसरी बाटली मी माझ्या कपाटात कुलुपात ठेवते, थेंब मीच देते. देवाचा वाटा म्हणून नागऱ्याला रिकामं खोकं तेवढं नेलं होतं. मामाजी झोपतात, विमानांना टाटा करतात. तीर्थ द्यायला आले की मी मात्र आधी वास घेते.

आणि त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी मी शाळेत गेले, तेव्हा नववीला नेमका प्रयोगाचा पाठ होता. निरीक्षण कसं करावं याच्या सूचना पुस्तकात दिल्या आहेत: घाई करू नये, अंदाज बांधू नये, दिसेल तेच लिहावं. मी त्याखाली पोरांना आणखी एक सूचना लिहून घ्यायला लावली, आणि ती मी दर वर्षी लिहून घेते: लक्षणं दिसायला लागली, तर आधी निरीक्षण करणाऱ्याला लिंबू द्यावं.